बाटली आडवी करण्याआधी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'परवानगी' एवढाच शब्द छापला आहे. काल जेवताना एकीनं विचारलं, "ताई, कसली परवानगी? घरातून निघायची?" त्या परवानगीवर पुढच्या वर्षी बोलेन. आज बोलायचंय ते महापालिकेच्या बांधकाम खात्याच्या परवानगीबद्दल. आणि तीही अशा जागेच्या, जिचं नाव काढलं की आपल्यातल्या निम्म्या जणी घोषणा द्यायला उभ्या राहतील. तिथल्या तिथे बिअर तयार करून विकणारं हॉटेल.

गेल्या वर्षी श्रावणात एकाच आठवड्यात आमच्या केंद्रावर दोन भेटी झाल्या. सोमवारी वस्तीतल्या बारा-तेरा जणी आल्या. पुढच्या रस्त्यावरचं जुनं गोदाम कुणीतरी घेतलंय, तिथं दारूचा कारखाना निघतोय, मोर्चा कधी काढायचा ते सांगा, असं त्यांचं म्हणणं. गुरुवारी, जिनं ते गोदाम भाड्यानं घेतलं होतं ती बाईच आली. चाळिशीची, हॉटेलच्या धंद्यात पंधरा वर्षं नोकरी केलेली, नवऱ्यापासून वेगळी राहणारी. बँकेचं कर्ज काढलेलं, आईचे दागिने गहाण. ती म्हणाली, "तुम्ही बायकांच्या हक्कांचं काम करता ना? मग एक बाई धंदा उभा करतेय, मला पाठिंब्याचं पत्र द्या."

पंचाईत बघा. दोघींच्याही तोंडी आपलीच भाषा होती.

दारूच्या प्रश्नावर मी तटस्थ आहे असं सोंग आणणार नाही. समाजकार्याचं शिक्षण घेताना क्षेत्रकार्यात मी लिहिलेली पहिली केस पिऊन मारणाऱ्या नवऱ्याची होती, आणि मागच्या महिन्यात लिहिलेलीही तीच, फक्त नावं वेगळी. पण 'दारू असेल तिथे बाई नको' हे वाक्य कायद्यात उतरतं तेव्हा काय होतं तेही माहीत असू द्या. पंजाब अबकारी कायदा १९१४ सालचा. लोक जिथे बसून दारू पितात तिथे बाईला कामालाच ठेवायचं नाही, असं त्याचं एक कलम होतं आणि दिल्लीत ते लागू होतं. २००७ साली सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द ठरवलं. न्यायालयाचा रोख असा होता की बाईला कामावरून दूर ठेवणं म्हणजे तिचं संरक्षण नव्हे, कामाची जागा सुरक्षित करणं हे सरकारचं काम. आपल्याकडे २००५ साली डान्स बार बंद झाले तेव्हा स्त्री-संघटनांमध्येच दोन तट पडले होते. काहींनी बंदीचं स्वागत केलं, काहींनी विरोध केला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी टिकू दिली नाही. मधल्या आठ वर्षांत ज्यांचं काम गेलं त्यांचं काय झालं, हा हिशोब आपण नीट मांडलेला नाही. असो, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

आपली चळवळ आहे ती दारूचं दुकान बंद करण्याची. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती लोकांनी लढून. चंद्रपूरला २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. २००८ च्या आदेशानं आपल्या हातात मतदान आलं. गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद. यातली मेख तुम्हाला माहीत आहेच: निम्म्या म्हणजे मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या सगळ्या महिला मतदारांच्या. सासरी गेलेल्या, वारलेल्या, यादीत राहून गेलेल्या, त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूनं धरल्यासारख्याच.

पण आडवी बाटली दुकान उघडल्यावरची गोष्ट आहे. तोवर गिऱ्हाईक लागलेलं असतं, कामगार ठेवलेले असतात, कर्ज फिरायला लागलेलं असतं. त्याच्या आधी वर्षभर एक फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जात असते. त्या फाइलीत आपण नसतो.

शहराचा विकास आराखडा होतो तो १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली. कुठला भाग निवासी, कुठला व्यापारी, कुठला औद्योगिक, हे त्या आराखड्यात रंगांनी दाखवलेलं असतं. कुठल्या विभागात, किती रुंद रस्त्यावर काय चालेल, ते विकास नियंत्रण नियमावलीत असतं. मुंबई आणि आणखी थोडे भाग सोडले तर डिसेंबर २०२० पासून राज्याला एकच नियमावली आहे. आराखड्याचा मसुदा निघतो तेव्हा कायदा आपल्याला हरकती-सूचना नोंदवायला सांगतो. आपण नोंदवतो का? वर्तमानपत्रात बारीक टायपात जाहिरात येते, त्यावर भजी खाल्ली जातात आणि मुदत संपते. पुढे एकेका इमारतीची परवानगी देताना शेजाऱ्यांना बोलावून विचारायची पायरीच नाही. अमेरिकेतल्या अनेक शहरांत असं हॉटेल काढायचं तर आजूबाजूच्या घरांना नोटीस जाते, जाहीर सुनावणी होते, शेजारी उठून बोलतात. तिथले पैसेवाले शेजारी याच सुनावण्यांत गरिबांची घरं अडवतात हेही खरं, तेव्हा हुरळून जायला नको. पण सुनावणी असते.

आता हा धंदा आराखड्यात बसतो कुठे? मोठी ब्रूअरी म्हणजे सरळ कारखाना, तिची जागा औद्योगिक विभागात. तेव्हाच्या औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतींत अशा कितीतरी आहेत. २०१६ च्या दुष्काळात त्यांच्या पाण्यात कपात करायला उच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं. हॉटेल मात्र व्यापारी वापर. २००९ च्या सुमारास पुण्यापासून सुरू झालेल्या या छोट्या ब्रूअऱ्या दोन्ही आहेत. पुढे टेबलखुर्च्या आणि मागे टाक्या. बार्लीचं माल्ट गरम पाण्यात भिजवायचं, गाळून हॉप्स घालून उकळायचं, गार करून यीस्ट टाकून काही दिवस आंबू द्यायचं. एक लिटर बिअरला कित्येक लिटर पाणी लागतं, कारण टाक्या सतत धुवाव्या लागतात. ते धुण्याचं पाणी साध्या सांडपाण्यापेक्षा जड असतं, गटारात तसंच सोडलं तर कुजतं. मागे उरतो माल्टचा ओला चोथा. गुरांना तो उत्तम, पण उन्हाळ्यात एक दिवस पडून राहिला तर गल्लीत उभं राहवत नाही.

ही माहिती मला पुस्तकातून नाही, त्या बाईकडूनच मिळाली. आम्ही तिला पत्र दिलं नाही आणि मोर्चाही काढला नाही. तिला म्हटलं, फाइल घेऊन या, वस्तीतल्या बायकांसमोर उघडा. तिची तयारी होती, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. फाइल देणं तिच्यावर बंधनकारक नव्हतं. दुसरी कुणी आली नसती तर आम्हाला माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करावा लागला असता आणि दिवस मोजत बसावं लागलं असतं.

रविवारी दुपारी केंद्राच्या फरशीवर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या. पहिला अर्धा तास भांडणात गेला. एक मावशी, नवरा दारूनंच गेलेला, म्हणाली, "बाई काढू दे नाहीतर बाप्या, पिऊन पडणारा आमच्याच दारात पडणार." त्या बाईनं उत्तर दिलं की तिच्याकडे एक ग्लास जितक्याला मिळेल तितक्यात वस्तीतल्या माणसाचा आठवड्याचा बाजार होतो, तिथला माणूस तिच्याकडे येणारच नाही. उत्तर खरं होतं, आणि त्यानं बायका आणखीच चिडल्या. ते साहजिक होतं.

मग एका मुलीनं, ती बारावीला आहे, नकाशावर बोट ठेवून विचारलं, "हे मागचं दार कुठं उघडतं?"

नकाशात लिहिलं होतं, 'सेवा प्रवेशद्वार'. दाराबाहेरची पट्टी कोरी होती. त्या कोऱ्या पट्टीवरून वस्तीतल्या बायका रात्री सार्वजनिक संडासाला जातात. दुसरी वाट नाही. गॅसच्या टाक्या, माल्टची पोती, चोथ्याची पिंपं, सिगारेट ओढायला बाहेर आलेली गिऱ्हाईकं, सगळं त्या गल्लीत येणार होतं, रात्री साडेअकरापर्यंत. नकाशा काढणाऱ्यानं खोटं काही लिहिलं नव्हतं. त्याच्या लेखी ती नुसती जागा होती. त्या बाईनंही गल्ली दिवसाच पाहिलेली.

त्यानंतर भांडण थांबलं असं नाही, पण ते नकाशावर आलं. धुराडं कुणाच्या खिडकीसमोर? धुण्याचं पाणी कुठल्या नळीत? रात्री काम संपल्यावर वाढपी मुली घरी कशा जाणार? वर गच्चीवर ताडपत्री टाकून टेबलं लावणार आहात का? हा प्रश्न मी विचारला. २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या अशाच मांडवांना आग लागली, १४ माणसं गेली, त्यात बहुतेक स्त्रिया. वाट न सापडून कित्येक जण शौचालयात शिरले आणि तिथेच गुदमरले. म्हणून जिन्यांची संख्या, रुंदी, दारं बाहेर उघडतात की आत, हे वाचणं हे आपलं काम आहे. आत जेवायला जाणारी बाईही बाईच आहे.

आम्ही बांधकाम खात्याला पत्र दिलं. त्यात दारू हा शब्द एकदाही नव्हता. मागचं दार, गल्लीची मोजलेली रुंदी, संडासाची वाट, सांडपाणी, चोथा उचलण्याची वेळ, एवढंच. खाली एकशे चौदा सह्या आणि अंगठे. प्रत राज्य उत्पादन शुल्क खात्याला आणि अग्निशमन दलाला. खिडकीवरच्या कारकुनानं ते न वाचताच परत सरकवलं, "परवान्याला विरोध असेल तर तिकडे जा." आम्ही म्हटलं, विरोध नाही, हरकत आहे, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हललो नाही. आवक क्रमांक घ्या, मैत्रिणींनो. तो नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा.

पुढे काय झालं? त्या बाईनं नकाशा बदलला. मागचं दार संकटकाळापुरतं, आतून उघडणारं, आणि माल पुढच्या रस्त्यानं सकाळी. त्यापायी तिला गाड्या लावायची जागा वाढवावी लागली आणि बसायची जागा कमी झाली. सात टेबलं गेली. बँकेला नव्यानं हिशोब द्यावा लागला. ती माझ्यावर नाराज आहे, आणि मावशीही. मावशी म्हणते, तुम्ही त्यांना दार कुठं ठेवायचं ते शिकवलंत. आमच्या गटातल्या एका जुन्या कार्यकर्तीनं यावरून बैठकांना येणं सोडलं. तिचं म्हणणं, आपण दारूच्या धंद्याची फाइल सुधारून दिली. मी तिला पटेल असं उत्तर अजून देऊ शकलेले नाही. एवढंच सांगते की नुसता मोर्चा काढला असता आणि परवानगी तरीही मिळाली असती, तर ते दार त्या गल्लीत उघडलं असतं. आणि उद्या तिथं काही चुकलं तर आडव्या बाटलीचा हक्क कुणी सोडलेला नाही, हे त्या बाईलाही आम्ही तोंडावर सांगितलंय.

बांधकामाची परवानगी अजून निघालेली नाही. उत्पादन शुल्काची दोन कामं पुढेच आहेत, तयार करण्याचा परवाना वेगळा, बसून पिण्याचा वेगळा. त्यासाठी शाळा आणि देवळापासूनचं अंतर मोजायला माणसं येतील. टेप कुठून कुठपर्यंत धरतात ते बघायला आपल्यातलं कुणीतरी हजर हवं. येत्या मंगळवारी सकाळी अकराला बांधकाम खात्याची स्थळपाहणी आहे. आम्ही सहा जणी जाणार आहोत, त्यात ती बारावीतली मुलगी आहे. मावशीही येते म्हणालीय, ओळखीची गल्ली आपण दाखवायची म्हणून. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्या.