कौतुकाच्या पलीकडचे गाणे



अलीकडे दूरचित्रवाणीवर लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा होतात. दहा-अकरा वर्षांचे पोर एखाद्या थोर गवयाची जागा हुबेहूब घेते, परीक्षक उठून उभे राहतात, आईबापांचे डोळे भरून येतात; आणि वर्ष-दोन वर्षांत त्या पोराचे नावही कुणाच्या ध्यानात राहत नाही. पुढे त्याचे काय होते, हा प्रश्न शाळेत उभा जन्म काढलेल्या माझ्यासारख्या मास्तराला स्वस्थ बसू देत नाही. रागदारीची चिकित्सा करण्याचा अधिकार मला नाही; ती अपेक्षा आपण माझ्याकडून करू नये. पण ज्याच्या बालपणीच्या गाण्याने थोरामोठ्यांना थक्क केले, त्या एका मुलाची पुढची हकिकत मला आज आपणांस सांगावयाची आहे.

बेळगावजवळच्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली याचा जन्म झाला. घरची भाषा कानडी, वडिलांना गाण्याचा नाद. मुलगा सहा-सात वर्षांचा असताना लोकांच्या लक्षात आले की, ग्रामोफोनच्या तबकडीवर ऐकलेले गाणे हा जसेच्या तसे गातो. अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, वझेबुवा यांची गायकी परस्परांहून किती निराळी! पण या पोराच्या गळ्यातून ती सारीच त्यांच्या ढंगासह उतरत असे. एका मठाधिपतींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली. ती अशी काही चिकटली की, आईबापांनी ठेवलेले नाव मागेच पडले. मग गावोगाव जलसे सुरू झाले. मुलाचा गळा हे कुटुंबाचे वैभव झाले, आणि ते सांभाळण्याचा भार अर्थातच त्या मुलावर आला.

१९३६ साली मुंबईच्या जीना हॉलमध्ये हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा गायला, तेव्हा श्रोत्यांत नामांकित कलावंत होते. टाळ्या तर पडल्याच, शिवाय बक्षिसांचीही खैरात झाली. अशा वेळी बहुतेक पालक पुढचे दहा कार्यक्रम ठरवून टाकतात. येथे मात्र मुलाला प्रोफेसर बा. र. देवधर यांच्या विद्यालयात शिकावयास ठेवण्यात आले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. त्याच पलुसकरांनी उत्तरायुष्यात आपल्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम स्थापिला होता, हे नाशिककरांना सांगावयास नको. देवधरांनी स्वतः अनेक घराण्यांच्या बुजुर्गांकडून चिजा मिळविल्या होत्या. एकाच घराण्याचा छाप शिष्यावर मारावा, असा त्यांचा आग्रह नव्हता.

या प्रसंगाचे मला फार मोल वाटते. ज्याला सर्व काही येते असे जगाने ठरविले, त्या मुलाला प्रथमपासून स्वर घोटावयास बसविणे सोपे नसते. वर्गात पाठांतरात पहिला येणारा मुलगा अर्थ विचारला की गोंधळतो, आणि मग अर्थावरच रुसतो. असे मी कितीतरी पाहिले आहेत. कुमार मात्र रुसला नाही. दहा-अकरा वर्षे तो तेथे शिकला, आणि तरुणपणीच त्याचे नाव देशभर झाले. १९४७ साली विद्यालयातल्याच भानुमती कंस यांच्याशी त्याचा विवाह झाला. सारे सुरळीत चालले होते.

तेवढ्यात क्षयाने गाठले. १९४८च्या जानेवारीत पतिपत्नी कोरड्या हवेसाठी माळव्यातील देवास येथे गेली. वैद्यांनी गाण्यास बंदी केली. वय तेवीस; सातव्या वर्षापासून जो गळा जगाने ऐकला, तो बंद. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरली, शुश्रूषा केली, संसार चालविला. गुणवंतांच्या चरित्रांत अशा बाईंना एखादे वाक्य मिळते. मीही याहून अधिक देऊ शकत नाही, याची खंत वाटते. पुढे स्ट्रेप्टोमायसीन हे नवे औषध उपलब्ध झाले, आणि १९५२च्या सुमारास रोग हटला. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले होते.

त्या चार-पाच वर्षांत खाटेवर पडलेला हा माणूस करीत काय होता? ऐकत होता. दळताना, लग्नकार्यात, सणावारी माळव्यातील बाया जी गाणी म्हणत, ती. रस्त्याने जाणारे जोगी कबीराची निर्गुणी पदे म्हणत, ती. लहानपणी जे ऐकले ते तत्क्षणी गळ्यातून बाहेर पडत असे. आता बाहेर पडण्याचा मार्गच बंद होता. म्हणून ते आत राहिले, मुरले. रागांचे मूळ या लोकधुनांत आहे, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. (तो मुलगा आता ‘ते’ झाला, हे श्रोत्यांच्या लक्षात आले असेलच.)

१९५३च्या सुमारास कुमारजी पुन्हा मैफलीत बसले. गाणे बदलले होते. स्वरांचे लहान लहान पुंजके, मध्येच निःशब्द जागा, मग एकाएकी वर झेपावणारा स्वर. फुप्फुस एकच असल्याने त्यांनी ही तऱ्हा काढली, असे पुष्कळ लोक म्हणतात. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. क्षयातून उठलेले गायक आणखीही असतील. पण मालवती, लगनगंधार, सहेली तोडी हे नवे राग त्यांतल्या किती जणांनी दिले? घराण्याच्या अभिमान्यांनी नाके मुरडली. विलंबित ख्याल नीट भरत नाही, परंपरा मोडली, असे आक्षेप आले. कुमारजींनी त्यांना उत्तर गाण्यानेच दिले. १९६५ साली त्यांच्या स्वरचित बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ निघाला. मधल्या काळात, १९६१ साली, भानुमतीबाई निवर्तल्या होत्या. पुढच्या वर्षी गायिका वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि त्या जन्मभर मैफलीत त्यांच्या मागे बसून गात राहिल्या. १९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण हे किताब त्यांना मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या एका उपक्रमाचा उल्लेख राहिला. बालगंधर्वांची नाट्यपदे महाराष्ट्रात घरोघर पाठ. त्यांची नक्कल करणारेही गल्लोगल्ली. नक्कल हा तर कुमारजींचा बाळपणीचा हातखंडा. मनात आणते तर त्यांनी गंधर्वांचा स्वर, लाडिक हेल, सारे हुबेहूब उभे केले असते, आणि लोकांनी पुन्हा लहानपणाइतक्याच टाळ्या पिटल्या असत्या. त्यांनी ती पदे घेतली, एकेक उलगडून पाहिली, आपल्या गळ्याने गायिली, आणि त्या गाण्याला नाव दिले, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्व आपल्याला तोंडपाठ, असे ज्यांना वाटते, त्यांनी ती ध्वनिमुद्रिका मिळवून एकदा अवश्य ऐकावी. पहिल्या ऐकण्यात ती रुचली नाही, तर आठवडाभराने पुन्हा लावावी.