तलावाचा धनी कोण?

(चंद्रपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



पाण्याची व्यवस्था शासनाच्या मालकीची असावी की खासगी उद्योगांच्या, हा वाद गेली पंचवीस-तीस वर्षे आपल्या देशात चालू आहे. एका बाजूने अहवाल येतात, दुसऱ्या बाजूने मोर्चे निघतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने हा वाद ऐकताना थोडे गालातल्या गालात हसावे. कारण पाण्याची मालकी खासगी हातांतून काढून सरकारच्या हाती देण्याचा फार मोठा प्रयोग आपल्याच भूमीवर पाऊणशे वर्षांपूर्वी झाला. त्याचा निकाल आपल्या तलावांच्या पाळींवर माजलेल्या बेशरमच्या झुडपांत आजही वाचता येतो.

मी अर्थातच माजी मालगुजारी तलावांविषयी बोलतो आहे. सरकारी कागदांत त्यांचे संक्षिप्त नाव 'मामा तलाव' असे पडले आहे. पूर्व विदर्भात असे सुमारे ७,००० तलाव असून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतच ३,००० हून अधिक आहेत. हे तलाव कोणत्याही खात्याने बांधले नाहीत. जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असे गोंड राजांचे धोरण होते. १९व्या शतकातील इंग्रज बंदोबस्त अधिकाऱ्यांनीही त्याची नोंद केली आहे. या देणगीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाच्या वस्तीत राहणाऱ्या किती जणांना आपल्या पत्त्यातील या शब्दाचा अर्थ ठाऊक असेल, हे मी विचारत नाही! कोहळी समाजाने या विद्येत विशेष नाव मिळविले. उतार कुठे आहे, पाळ कुठे घालावी, तुडूम कुठे बसवावे, जादा पाण्याला वाट कुठून द्यावी, हे सारे त्यांनी उपजत जाणकारीने ठरविले.

या धोरणातील शहाणपण नीट पाहण्यासारखे आहे. राजाने तिजोरीतून भांडवल घातले नाही आणि पाणीही विकले नाही. भांडवल घालणाऱ्याला त्याने परतावा दिला तो पाण्याच्या किमतीत नव्हे, तर जमिनीत. त्यामुळे तलाव फुटला तर पहिले नुकसान तलाव बांधणाऱ्याचेच. पुढे १८६०च्या दशकातील बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजाराला गावाचा मालक केले आणि तलावही त्याचा झाला. मालगुजार काही साधुपुरुष नव्हता. त्याच्या वेठबिगारीच्या आठवणी खेड्यांतून अजून पुसलेल्या नाहीत, आणि तो काळ परत यावा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तथापि एक गोष्ट मान्य करावी लागते. त्याची घरची सीर त्याच तलावाखाली असे. आश्विनात धान निसवायला लागले आणि पावसाने दगा दिला, की रयतेच्या बांधीबरोबर त्याचीही बांधी करपत असे. म्हणून उन्हाळ्यात पाळीवर माती पडे आणि तुडूम दुरुस्त होई.

१९५०च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ही पद्धत संपविली. ३१ मार्च १९५१ पासून बहुतेक तलाव शासनाकडे आले. हा कायदा न्यायाचा होता, यात मला तिळमात्र शंका नाही. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. शासनाने तलावाची मालकी घेतली. पण तलावाचे घरधनीपण कोणाकडे द्यावे, याचा विचार केला नाही. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे गेले आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. पाळ एका खात्याची, मासेमारीचा ठेका दुसऱ्याचा, बुडीत क्षेत्रातील अतिक्रमण तिसऱ्याचे आणि ज्या झाडोऱ्यातून पाणी वाहत येते तो चौथ्याचा! एका तलावाला चार धनी झाले आणि राखणदार मात्र एकही उरला नाही.

पाणीपट्टीचा वादही तेव्हाचाच. निस्तार हक्काने मिळणारे पाणी आमचे आहे, त्यावर पट्टी कशाची, असे शेतकऱ्याचे म्हणणे. पट्टी नाही तर दुरुस्तीला पैसा कुठून आणावा, हे शासनाचे म्हणणे. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि दोघांच्या मध्ये गाळ साचत राहिला.

मोठ्या गुंतवणुकीची कथा वेगळी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांनंतर नेमलेल्या सिंचन आयोगाने मध्य प्रांतात सरकारने पाण्याची कामे हाती घ्यावीत असे सुचविले. आपल्याकडील असोलामेंढा, घोडाझरी हे मोठे जलाशय इंग्रजी अमदानीतले. खासगी हात जिथे पुरत नाही तिथे राजसत्तेने उतरले पाहिजे, याचा हा धडा. स्वतंत्र भारतातील आपला मोठा प्रकल्प गोसीखुर्द. १९८३ मध्ये ३७२ कोटींच्या खर्चास मान्यता मिळाली, १९८८ मध्ये भूमिपूजन झाले, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. खर्च पुढे हजारो कोटींवर गेला आणि पाटाच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी वाट पाहत म्हातारा झाला. सरकारी मालकीचे भक्त या प्रकल्पाचे नाव फारसे घेत नाहीत.

मग खासगी हाती द्यावे काय? त्यासाठी गडचिरोलीच्या पूर्वेकडे, सीमेपलीकडे पाहू. दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरविण्यासाठी १९९८ मध्ये शिवनाथ नदीच्या सुमारे २३ किलोमीटर पट्ट्यावर एका खासगी कंपनीशी २२ वर्षांचा करार झाला. काठावरच्या कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना आपल्याच नदीत उतरण्यास मज्जाव झाला. मागणी असो वा नसो, ठरावीक पाण्याचे पैसे सरकारी महामंडळाने कंपनीला द्यायचे, असे कलम त्यात होते. २००७ मध्ये छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली. आपल्याकडे लातूरला २००८ मध्ये खासगीकरण आले आणि लोकांच्या विरोधापुढे फार काळ टिकले नाही. नागपूरचा प्रयोग २०१२ पासूनचा आणि अधिक विचारपूर्वक केलेला. तिथे मालमत्ता महानगरपालिकेचीच राहिली. पण त्याचाही हिशेब पाहा. जलवाहिन्या बदलण्याच्या भांडवलातला सुमारे ७० टक्के वाटा केंद्र आणि राज्याच्या अनुदानाचा होता. खासगी गुंतवणूक म्हणतात त्यातही बहुतांश पैसा तुमचा-आमचाच असतो. आणि नागपुरात निदान दरमहा देयक भरणारी लाखो कुटुंबे आहेत. एटापल्ली किंवा भामरागडच्या वीस घरांच्या टोल्यावर कोणती कंपनी नळ घेऊन येणार?

म्हणून मला मालकीपेक्षा तुडुमाचा प्रश्न मोठा वाटतो. तुडूम कोण उघडतो, आणि ते गळू लागले तर कोणाची बांधी सुकते? या दोन प्रश्नांचे उत्तर एकच असेल तर तलाव टिकतो. खात्याच्या अभियंत्याची बांधी त्याखाली नसते आणि ठेकेदाराचीही नसते. ती गावाची असते.

गाव हे करू शकेल काय, अशी शंका सुशिक्षितांना येते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ पासून आपला बांबू आपण विकला. त्यानंतर गडचिरोलीत शेकडो गावांना असे हक्क मिळाले. २००६ च्या वनाधिकार कायद्याच्या तिसऱ्या कलमात मासे आणि पाणसाठे यांच्या वापराचा सामूहिक हक्कही आहे. तो मागण्याकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशननेही गावांतर्गत नळयोजना ग्रामपंचायतीच्या हाती सोपविली आणि वनक्षेत्रातील गावांकडून भांडवली खर्चाचा केवळ ५ टक्के वाटा अपेक्षिला. भांडवल शासनाचे आणि राखण गावाची, हे तत्त्व म्हणजे तुकुमाचेच नवे रूप म्हणा ना!

राखणीचा पैसा कुठून येणार? जिथे ग्रामसभा तेंदूपत्ता आणि बांबू स्वतः विकते, तिथे तो गावातच येतो. त्यातला ठरावीक भाग दरवर्षी पाळीसाठी आणि गाळासाठी बाजूला काढता येईल. ढीवरांच्या सहकारी संस्थेला या निर्णयात बरोबरीने बसवावे लागेल, कारण बारा महिने तलावावर नजर असते ती त्यांचीच. कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, की आधी तलाठ्याकडून गावाचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला घ्या. तलावाचे पाणी कोणत्या बांध्यांना आणि कोणत्या हक्काने, हे त्यांत पाहायचे आहे. अतिक्रमणाच्या तंट्यात तोच आपला आधार.

आणि एक अडचण ध्यानात ठेवा. गाळ काढायला तलाव आटावा लागतो, आणि मे महिन्यात तर सारे गाव तेंदूच्या पानांवर असते. तेव्हा मार्च-एप्रिलचे दिवसच काय ते हाती राहतात, म्हणजे ग्रामसभेचा ठराव होळीच्या आधी व्हायला हवा.