अलंकार : खूण आणि अर्थ

शाळेत अलंकार खुणेने ओळखविला जातो : ‘सारखा’ आला की उपमा, ‘जणू’ आला की उत्प्रेक्षा. दोन गुण पदरात पडतात. कविता मात्र निसटते. ‘मुख चंद्रासारखे’ या उपमेत दोन्ही वस्तू वेगळ्या राहतात. ‘मुख हाच चंद्र’ म्हटले की भेद मिटतो, ते रूपक. ‘मुख जणू चंद्रच’ ही केवळ संभावना. ‘हे मुख नव्हेच, हा चंद्र’ या अपन्हुतीत तर समोरची वस्तूच नाकारली जाते. चंद्र तोच, परंतु कवीच्या निश्चयाची पायरी निराळी! काश्मीरच्या मम्मटाने ११ व्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त असेच सूक्ष्म भेद केले. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत एकाच विचारासाठी उपमांची माळ येते, ती मालोपमा. घरी मुलांना अलंकाराचे नाव नंतर विचारावे. कवी तुलना करतो की दोन्ही एकच मानतो, हे आधी.