फॉर्नॅक्स : एका प्रजातीचे वर्गीकरण



जुन्या ग्रंथालयात ‘संकीर्ण’ नावाचे एक कपाट बहुधा असतेच. ज्या ग्रंथाचा विषय निश्चित होत नाही, तो तात्पुरता म्हणून तेथे ठेवला जातो आणि वर्षानुवर्षे तेथेच राहतो. प्राणिशास्त्रातही अशी कपाटे आहेत. भुंगेऱ्यांची फॉर्नॅक्स ही प्रजाती त्यांपैकीच एक होय.

उताणा पडताच ‘टक्’ असा आवाज करून उसळी घेणारा लांबट भुंगेरा, म्हणजे क्लिक बीटल, पुष्कळांनी पाहिलेला असतो. त्याच्याशी साम्य असलेल्या युक्नेमिडी कुलाला ‘खोटे क्लिक बीटल’ म्हणतात. वस्तुतः यांतील काही जातीही उसळी घेतात. नावानेच त्यांच्यावर अन्याय केला आहे. जगभरात या कुलाच्या दीड हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत.

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लापोर्त यांनी १८३५ साली फॉर्नॅक्स प्रजाती स्थापिली. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ भट्टी. पुढे वरवरच्या साम्यावरून देशोदेशींचे भुंगेरे या भट्टीत घातले गेले. फिनलंडचे जिर्की मुओना यांनी १९९३ साली संपूर्ण कुलाचा पुनर्विचार प्रसिद्ध केला. शरीररचनेच्या सूक्ष्म तुलनेतून फॉर्नॅक्समधील अनेक जातींचे खरे आप्त अन्यत्र असल्याचे दिसून आले. उत्तर अमेरिकेतील काही जाती आता ओनिकोडॉन प्रजातीत गणल्या जातात. फॉर्नॅक्सचा पसारा आटोपला. पण त्यामुळे विविधता घटली नाही, ती प्रथमच नीट दृष्टीस पडली.

कटंगीसारख्या वनालगतच्या गावाने या विवेकाची कदर करावी. बालाघाट-मंडल्याच्या वनप्रदेशात सालवृक्ष पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची धास्ती जुनी आहे; १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशातील सालवनांनी त्याचा मोठा प्रकोप सोसला. त्यामुळे लाकडात आढळणारा प्रत्येक भुंगेरा शत्रूच, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु सालवेधक उभ्या झाडावर घाला घालतो, तर युक्नेमिडींच्या अळ्या सामान्यतः बुरशीने कुजलेल्या मृत लाकडात वाढतात. दोहोंना एकाच कपाटात कोंबले, तर रोगट झाडाबरोबर रानात पडलेला प्रत्येक जीर्ण ओंडकाही उचलला जाईल आणि त्याच्या आश्रयाने जगणारे जीव नोंद होण्यापूर्वीच नाहीसे होतील.

चुकीच्या कपाटात ठेवलेला ग्रंथ हरवल्यासारखाच असतो. मात्र तो कधीतरी सापडतो. जीवजातीच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही.