मूठभर मातीचा हिशोब

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचे लिखित रूप)



या व्यासपीठावर दरवर्षी मोठी विद्वान माणसे बोलून गेली आहेत. मी विद्वान नाही. शेतीचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि वीस वर्षांहून अधिक काळ शेतकऱ्यांनी आणलेली माती तपासतो आहे. कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी म्हटले, "अहो, मातीवर बोलायला मला कशाला बोलावता?" ते म्हणाले, "गणपती मातीचाच असतो, तेव्हा बोला." यावर उत्तर नव्हते, म्हणून आलो.

सुरुवात गणपतीच्या मातीपासूनच करतो. पेणच्या शाडूच्या मूर्तींचे आपल्याला केवढे कौतुक! पण पेणला शाडू येते ती बरीचशी आपल्या गुजरातेतून, भावनगरकडून. म्हणजे माती इथली, हात कोकणातले आणि पूजा पुन्हा बडोद्यात. आपल्या घराण्यांचा प्रवास याच्या उलटा झाला. माणसे तिकडची, रुजली इथल्या मातीत. माझे पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत आले, आज मी गुजरात सरकारच्या नोकरीत आहे. घरी मराठी आणि कचेरीत गुजराती, हे तुम्हा सर्वांचे तेच माझे.

शेतीशास्त्र आणि बडोद्याची मराठी माणसे यांचे नातेही जुने आहे. सयाजीराव महाराजांनी खासेराव जाधवांना इंग्लंडमध्ये सिरेन्सेस्टरच्या शेती महाविद्यालयात शिकायला पाठवले होते. पुढे ते संस्थानात सुभा झाले. अरविंद घोष बडोद्यात असताना काही काळ राहिले ते याच खासेरावांच्या दांडिया बाजारातील घरी. आपल्याला अरविंदबाबूंमुळे ते घर आठवते, यजमान शेतीशास्त्र शिकून आलेले होते हे मात्र आपण विसरतो. शहरातले 'मॉडेल फार्म' हे नाव आपण रोज घेतो. तिथे आजही आणंद कृषी विद्यापीठाचे कडधान्य संशोधन केंद्र आहे. पलीकडे आणंदला 1938 साली सरदार पटेल आणि कन्हैयालाल मुनशी यांच्या पुढाकाराने शेती संस्था निघाली, 1946 साली खेडा जिल्ह्याचा दूध संघ निघाला, 1957 साली आपली बरोडा डेअरी आली. माती, गाय, कोंबडी आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, या सगळ्यांवर काम करणारी माणसे आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहेत.

आता मी काय करतो ते सांगतो. 2015 पासून देशभर मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आहे, गुजरातेत हे काम त्याआधीच सुरू झाले होते. एका पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, मग जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, आणि शेवटी सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. आपण रक्त तपासून घेतो तसेच हे. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असला की आम्ही 'कमी' असा शेरा मारतो, पाऊण टक्क्याच्या वर 'जास्त'. अर्धा टक्का म्हणजे शंभर किलो मातीत जेमतेम अर्धा किलो. पण त्या अर्ध्या किलोवरच मातीतले सगळे जिवाणू जगतात. तो संपला तर माती उरते, पण ती कुंडीत भरलेल्या भुकटीसारखी.

इथे मला एक चूक कबूल करायची आहे. तेव्हा मी एका प्रयोगशाळेत नवा होतो. करजणच्या बाजूचा एक शेतकरी पिशवीत माती घेऊन आला. कापसाचे शेत, काळी जमीन. मी तपासणी नीट केली. स्फुरद जास्त निघाले, पालाश जास्त, कर्बही चांगला. मी पत्रिकेवर लिहून दिले की खत कमी केले तरी चालेल. त्या माणसाला आनंद झाला, पैसे वाचले म्हणून. दिवाळीनंतर तो परत आला. भांडला नाही, फक्त म्हणाला, "साहेब, एक वार खेतर जोवा आवो." मी गेलो. कापूस गुडघ्याच्या वर गेला नव्हता. मी विचारले, माती कुठून घेतली होती? त्याने रस्त्याकडेचा कोपरा दाखवला. आत चिखल होता म्हणून त्याने तिथूनच घेतली होती. त्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे त्यांचा उकिरडा होता.

माझा आकडा बरोबर होता, पण तो शेताचा नव्हता, उकिरड्याचा होता. आणि माती कुठून आणली हे मी विचारलेच नव्हते. तो एवढेच म्हणाला, "कागळ तो तमारो हतो ने." त्याच्या घरचा त्या वर्षीचा खर्च माझ्या एका कागदावर ठरला होता. तेव्हापासून मी पिशवी हातात घेण्याआधी माणसाला खुर्ची देतो आणि आधी विचारतो.

नमुना घेण्याची रीत तुम्हीही ऐकून ठेवा, कारण आपल्यापैकी काहींची पादरा, डभोईकडे अजून थोडी जमीन आहे आणि ती दुसरे कुणी कसते. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. बांध, झाडाची सावली, उकिरडा, नुकतेच खत टाकलेली जागा टाळायची. सगळी माती स्वच्छ कापडावर मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि असे करत अर्धा किलो उरवायची. यात पैसा लागत नाही, दोन तास लागतात.

आता आणखी एक कोडे सांगतो. डीएपीच्या पन्नास किलोच्या पोत्यात तेवीस किलो स्फुरद असते. शेतकरी ते महागाचे पोते टाकतो आणि पहिल्या पिकाला त्यातले फार तर पाचव्या भागाइतके मिळते. बाकीचे जाते कुठे? कुठेच जात नाही. आपली काळी जमीन चुनखडीची, तिचा सामू आठच्या आसपास. स्फुरद त्या चुन्याशी बांधले जाते आणि तिथेच कुलूपबंद होऊन बसते. म्हणजे घरात धान्याची कोठी भरलेली आणि किल्ली हरवलेली.

ही किल्ली काही जिवाणूंकडे आहे. ते सेंद्रिय आम्ले सोडतात, त्यामुळे चुन्याशी बांधलेले स्फुरद थोडे थोडे सुटते. आणंद कृषी विद्यापीठाने अशा जिवाणूंची द्रवरूप खते तयार केली, 'अनुभव' या नावाने ती मिळतात. हवेतले नत्र घेणारे ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम हेही त्यात आहेत. पण बाटलीत जिवंत प्राणी आहेत हे लोक विसरतात. बाटली टपरीवर उन्हात ठेवतात, कीटकनाशकात मिसळून फवारतात, आणि मग म्हणतात काही फरक पडला नाही. जमिनीत कर्बच नसेल तर ते खाणार तरी काय? पाहुण्याला बोलवायचे आणि ताटात काही वाढायचे नाही, असे ते होते.

गंमत अशी की हेच कुलूप कोंबडीच्या पोटातही आहे. पोल्ट्रीच्या खाद्यात मका आणि सोयाबीनची पेंड असते. या धान्यांतले सुमारे दोन तृतीयांश स्फुरद फायटेट नावाच्या रूपात असते आणि कोंबडीला ते फारसे पचत नाही. म्हणून खाद्यात वरून डायकॅल्शियम फॉस्फेट घालायचे, आणि न पचलेले स्फुरद विष्ठेतून बाहेर जायचे. एकदा विकत घ्यायचे आणि एकदा फेकायचे. 1991 च्या सुमारास युरोपात फायटेज हे विकर खाद्यात घालायला सुरुवात झाली. ते तयार झाले एका बुरशीपासून. पावसाळ्यात कांद्याच्या सालीवर काळी बुरशी दिसते ना, तिच्याच कुळातली ती. आता आपल्याकडच्या खाद्य कारखान्यांतही फायटेज नेहमीचे झाले आहे. शेतातल्या मातीला जे जिवाणू देतात, ते कोंबडीला ही बुरशी देते.

कोंबडीवरून एक घरगुती गोष्ट आठवली. अंडी खाणाऱ्या घरांतून कवचे चुरून कुंडीत घालायची पद्धत आहे. कवच म्हणजे चुना. आम्लयुक्त जमिनीत, म्हणजे कोकणात, त्याचा उपयोग आहे. बडोद्याच्या मातीत चुना मुळातच भरपूर, त्यामुळे ते कवच वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. नुकसान नाही, पण खत घातल्याचे समाधान मानू नका.

आता गाय. गाय गवत खाते असे आपण म्हणतो. खरे तर गवत तिला स्वतःला पचत नाही. तिच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे एक मोठा हौद आहे, त्यात अब्जावधी जिवाणू गवत कुजवतात आणि ते जिवाणूच पुढे तिच्या पोटात पचतात. म्हणून दूधधंद्याचे शास्त्र सांगते की गाईला खाऊ घालायचे म्हणजे आधी या जिवाणूंना खाऊ घालायचे. चारा बदलायचा तो आठ-दहा दिवसांत हळूहळू.

हे आज मुद्दाम सांगतो आहे, कारण गणपती गेले की पितृपक्ष येतो. गोग्रास आपला धर्म आहे, तो जरूर द्यावा. पण एकाच दिवशी पन्नास घरांतून खीर, पुरी, वडे आणि उरलेला भात एकाच गाईपुढे गेला, तर त्या हौदात अचानक आम्ल तयार होते. जिवाणू मरतात, गाईचे पोट फुगते, ती रवंथ थांबवते, आणि कधी कधी दगावतेही. आपल्या हातून पुण्याच्या नावाखाली हे घडू नये. गोग्रास घासाएवढाच ठेवावा आणि सोबत हिरव्या चाऱ्याची पेंढी द्यावी. प्लास्टिकची पिशवी तर कधीच नाही.

शेवटी पुन्हा बाप्पांकडे येतो. घरी बादलीत विसर्जन करणारी कुटुंबे आता आपल्या मंडळातही वाढली आहेत, चांगली गोष्ट आहे. पण ती शाडू तशीच तुळशीच्या कुंडीत ओतू नका. शाडू अतिशय बारीक कणांची असते, तिच्यात कर्ब जवळजवळ नसतो. वाळली की ती सिमेंटसारखी घट्ट होते आणि मुळांचा श्वास कोंडतो. एक भाग शाडूला चार भाग शेणखत आणि बागेची माती, असे मिसळून वापरा. मूर्तीला तैलरंग असेल तर कुंडीत मुळीच नको. आणि प्लास्टरची मूर्ती बादलीत विरघळत नाही, तेव्हा तो प्रयोग करू नका.

निर्माल्यातून दोरे, प्लास्टिक, थर्माकोल काढा. फुले, दूर्वा, पत्री यांच्या थरावर वाळल्या पानांचा थर द्या आणि मूठभर जुने खत विरजणासारखे घाला. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवा, अधूनमधून हलवा. दोन-तीन महिन्यांत खत होईल. घरात दही लावणाऱ्या कोणत्याही बाईला हे शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही. दूध कोमट हवे, विरजण जिवंत हवे आणि भांडे उगाच हलवायचे नाही, हे तिला ठाऊक असते. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही जिवाणूंशी याहून वेगळे वागत नाही.

तो करजणचा शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा आला, या वेळी दहा ठिकाणची माती मिसळून. त्याने ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हवे पूछो, क्यांथी लीधी." मी विचारले. आम्ही दोघेही हसलो. त्या कागदाचे ओझे मात्र अजून पूर्ण उतरलेले नाही, आणि ते उतरू नये असेच मला वाटते.



गणपती बाप्पा मोरया!