‘आज रोख, उद्या उधार’ : नाक्यावरचे दुकान आणि रहिवाशांची जबाबदारी

(कामगार वस्तीतील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. नाक्यावरचे किराणा दुकान डबघाईला आलेले असते. मालकाची तक्रार असते की इतकी वर्षे अडीनडीला उपयोगी पडलो, आता सारी गिऱ्हाइके मॉलमध्ये जातात किंवा मोबाइलवरून माल मागवतात. रहिवासी विचारतात, चार पैसे स्वस्त मिळते तेथून घेऊ नये काय? कोणाचे दुकान चालवणे ही आमची जबाबदारी आहे काय?

प्रश्न वरकरणी घरगुती दिसतो. परंतु त्याचे उत्तर देताना पुष्कळ कार्यकर्ते दोन टोकांपैकी एका टोकाला जातात. काही जण छोट्या दुकानदाराला जनतेचा आप्त मानून प्रत्येक रहिवाशाने त्याच्याशी निष्ठावंत राहिले पाहिजे असा उपदेश करतात. काही जण म्हणतात की छोटी मालमत्ता भांडवलशाहीत नष्ट व्हायचीच आहे, मग तिच्यासाठी अश्रू कशाला? दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. दोहोंतही प्रत्यक्ष दुकान कसे चालते आणि त्याच्या आधारावर कोण जगते याची चौकशी नाही. ती चौकशी प्रथम केली पाहिजे.

दुकानदाराचे दोन चेहरे

किराणा दुकानदार हा मालक आहे आणि श्रमिकही आहे. पहाटे दुकान उघडण्यापासून रात्री हिशेब मिटवण्यापर्यंत त्याचे सारे कुटुंब राबते. त्याच वेळी दुकानातला पोरगा दिवसाचे बारा तास उभा असतो व त्याला किमान वेतन क्वचितच मिळते. महाराष्ट्रात १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या जागी २०१७ साली नवा कायदा आला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना त्याच्या बहुतेक तरतुदींतून वगळल्या गेल्या. म्हणजे ज्या दुकानाबद्दल सहानुभूती बाळगायची, त्याच दुकानातल्या नोकराला कामाच्या तासांचे संरक्षणही उरले नाही. छोट्या दुकानाची कैवारी भाषणे करताना या पोराचा विसर पडता कामा नये.

इतिहासही एकरंगी नाही. १९७२ सालापासून मुंबईत महागाईविरोधात स्त्रियांनी लाटणी हाती घेऊन मोर्चे काढले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रिया त्यात एकत्र आल्या होत्या. साठेबाजीने धान्य, तेल, साखर गडप करणाऱ्या व्यापाऱ्याविषयी त्या स्त्रियांच्या मनात कसलीही भीड नव्हती, आणि ती नसणेच योग्य होते. तथापि गोदामे भरून ठेवणारा ठोक व्यापारी आणि आठवड्याचा माल उचलून आणणारा नाक्यावरचा दुकानदार यांत फरक आहे. हा फरक न ओळखणारी चळवळ आपले मित्र गमावते.

खातेवहीचा इतिहास

हे दुकान केवळ विक्रीचे ठिकाण नाही. ज्याला कोणतीही बँक दारात उभे करीत नाही, त्याची ती पतपेढीही आहे. १९२८ साली मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. त्या काळात गिरणगावातील धान्यदुकानदारांनी दिलेली उधारी संपकऱ्यांच्या घरची चूल पेटती ठेवणाऱ्या आधारांपैकी एक होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तेव्हाही गावाकडून येणारे धान्य आणि वाण्याची उधारी यांवर घरे तगली. संप लांबत गेला तशी दुकानदारांचीच कंबर मोडली आणि खाती बंद होत गेली.

ही उधारी दानधर्म नव्हती. उधारीचा माल महाग पडे, मापात खोट येई, आणि एकदा खात्यात अडकलेल्या कामगाराला दुसऱ्या दुकानी जाण्याची मोकळीक उरत नसे. दुकानदाराचे हित कामगाराच्या पगारात गुंतलेले होते, म्हणून तो संपाच्या काळात थांबला. परंतु तो थांबला, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

रोखीचे गिऱ्हाईक गेले की काय होते

आता एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका दुकानाची महिन्याची विक्री ३ लाख रुपये आहे. त्यांतली १ लाख ८० हजारांची विक्री रोखीची आणि १ लाख २० हजारांची उधारीची. रुपयामागे दहा पैसे सुटतात असे धरले तर ३० हजार हाती येतात. भाडे, वीज, हमाली यांत १५ हजार गेले की घरासाठी १५ हजार उरतात. ठोक व्यापाऱ्याचे पैसे आठ-पंधरा दिवसांत चुकते करावे लागतात. ते रोखीच्या गल्ल्यातून जातात, कारण उधारी वसूल होते ती पगार झाल्यावर.

पुढे वस्तीशेजारच्या इमारतींतील पगारदार कुटुंबे मोबाइलवरून माल मागवू लागली आणि रोखीची विक्री निम्मी झाली असे समजू. एकूण विक्री २ लाख १० हजारांवर येते, नफा २१ हजार होतो, खर्च तेवढाच राहतो आणि घरासाठी ६ हजार उरतात. विक्री तीस टक्क्यांनी घटली. दुकानदाराची मिळकत मात्र साठ टक्क्यांनी घटली. उधारी पूर्वी विक्रीच्या दोन-पंचमांश होती, ती आता निम्म्याहून अधिक झाली. अशा अवस्थेत एक-दोन खाती बुडाली तरी महिना तोट्यात जातो. मग दुकानदार पहिली गोष्ट कोणती करतो? भाडे त्याच्या हातात नसते, विजेचे बिल नसते. त्याच्या हातात असते ती खातेवही. ती तो मिटतो आणि ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी खिळ्याला टांगतो.

दुकान बंद होण्याच्या कितीतरी आधी झळ पोहोचते ती घरकाम करणाऱ्या बाईला, नाक्यावर काम शोधणाऱ्या मजुराला, नुकताच कामावरून कमी केलेल्या कंत्राटी कामगाराला. पाच रुपयांचे तेल आणि दहा रुपयांची चहापत्ती महिनाअखेरीस त्यांना दुसरीकडे कोठे मिळणार? मोबाइलवरची कंपनीही उधार देते, पण ज्याची पत आधीच बँकेच्या दप्तरात नोंदलेली आहे त्याला. अन्नसुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. तेल, डाळ, चहा, साबण यांसाठी बाजारच गाठावा लागतो.

तेव्हा या प्रश्नाचा गाभा असा आहे : पगारदाराच्या रोखीच्या खरेदीवर गरिबाची उधारी उभी असते. रोखीचे गिऱ्हाईक निघून जाते तेव्हा त्याची वजावट शेजारच्या झोपडीच्या खात्यातून होते. रहिवाशाची जी काही बांधिलकी आहे ती प्रथम या शेजाऱ्याशी आहे. दुकानदाराशी ती त्याच्या द्वारे येते.

स्वस्ताईचा पैसा कोण भरतो

मोठ्या कंपन्यांची स्वस्ताई केवळ कार्यक्षमतेतून येते, हा समज तपासला पाहिजे. ठोक खरेदीमुळे काही बचत निश्चितच होते. परंतु त्यांच्यामागे वर्षानुवर्षे तोटा सोसू शकणारे भांडवल उभे असते, जे नाक्यावरच्या दुकानाजवळ कधीच नसते. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीस मान्यता दिली, तेव्हा डाव्या पक्षांसह अनेक पक्षांनी व व्यापारी संघटनांनी २० सप्टेंबरला देशव्यापी बंद पाळला. तरीही २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्ट कंपनीने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टमधील ७७ टक्के हिस्सा घेतला. समोरचे दार वादात अडकले तेव्हा भांडवल बाजूच्या दाराने आत आले.

या स्वस्ताईचा दुसरा वाटा माल पोहोचवणाऱ्या कामगाराच्या खिशातून जातो. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली व परिसरातील ब्लिंकिटच्या कामगारांनी काम थांबवले, कारण प्रत्येक खेपेचा किमान दर २५ रुपयांवरून १५ रुपयांवर आणला गेला होता. दुकानातला पोरगा आणि दुचाकीवरचा पोरगा हे बहुधा एकाच वस्तीतले, कधी एकाच घरातले असतात. दोघांपैकी एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला शत्रू ठरवणे हे चळवळीचे काम नव्हे.

मग कोणावर काय बंधनकारक?

ज्या कुटुंबाला प्रत्येक रुपया मोजावा लागतो, त्याने स्वस्त मिळेल तेथे खरेदी करावी. त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही, पक्ष कार्यकर्त्याला तर मुळीच नाही. मात्र जो महिनाअखेरीस खात्यावर माल उचलतो आणि पगार होताच रोख रक्कम घेऊन मॉलची वाट धरतो, त्याला हे सांगावेच लागेल की हा व्यवहार सचोटीचा नाही. उधारी वेळेवर चुकवणे ही वस्तीतील पहिली जबाबदारी आहे. ज्यांचा पगार नियमित आहे, त्यांनी महिन्याच्या खरेदीतला निश्चित भाग नाक्यावर रोखीने करावा. चार-दोन रुपये जास्त पडतील. ते शेजाऱ्याची खातेवही उघडी ठेवण्याचे मोल आहे.

ही बांधिलकी दुहेरी असली पाहिजे. दुकानदाराने माप चोख ठेवावे, भेसळीचा माल ठेवू नये, छापील किमतीहून अधिक घेऊ नये, उधारीवर छुपे व्याज लावू नये आणि नोकराला किमान वेतन व आठवड्याची सुटी द्यावी. हे जो पाळणार नाही, त्याने ‘आपला माणूस’ या नात्याचा हवाला देऊ नये.

तथापि व्यक्तीच्या सद्भावनेवर दुकान तगत नाही आणि वस्तीही तगत नाही. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे २८ जणांनी, ज्यांत विणकर बरेच होते, आपले सहकारी दुकान उघडले. त्यांचा एक नियम होता : व्यवहार रोखीनेच. उधारी कामगाराला दुकानदाराशी जखडते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. आपल्या देशात मद्रासमध्ये १९०४ साली ट्रिप्लिकेनची ग्राहक सहकारी संस्था निघाली. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीतून १९४८ साली ‘अपना बाजार’ उभा राहिला. केरळात १९७४ साली स्थापन झालेल्या राज्य नागरी पुरवठा महामंडळाच्या दुकानांतून तेरा जीवनावश्यक वस्तू सवलतीने देण्याची पद्धत रुळली. २०२३ साली राज्याची आर्थिक ओढाताण वाढली, तेव्हा तीच फडताळे रिकामी पडू लागली. म्हणजे सहकार आणि सरकारी पुरवठा हेही आपोआप चालत नाहीत. त्यांना निधी लागतो आणि जनतेची देखरेख लागते. आणि रोखीचे सहकारी दुकान खातेवहीची जागा घेऊ शकत नाही, जोवर बेकारीत, आजारपणात व संपात कुटुंबाला आधार देणारी दुसरी व्यवस्था उभी राहत नाही.

म्हणून शाखांनी हाती घ्यावयाची कामे अशी. रास्त भावाच्या दुकानांतून डाळ व तेल मिळावे, ही मागणी पुन्हा नेटाने मांडावी. तोट्याने विकून दुकाने उठवणाऱ्या भांडवलावर कायद्याचा लगाम मागावा. छोट्या दुकानातील नोकर व माल पोहोचवणारे कामगार यांना एकाच संघटनेच्या छत्राखाली आणण्याचा प्रयत्न करावा. छोट्या दुकानदारांना एकत्र ठोक खरेदी करण्यास प्रवृत्त करावे, म्हणजे त्यांचा भाव उतरेल.

आणि या सर्वांच्या आधी एक काम आहे, त्याला ठरावाची गरज नाही. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत विचारून पाहावे : महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर कोणती घरे खात्यावर जगतात, कोणत्या दुकानाने ते खाते चालू ठेवले आहे, आणि कोणी नुकतीच ती पाटी टांगली आहे. ही माहिती हाती नसताना छोट्या दुकानदाराच्या बाजूने किंवा विरुद्ध केलेले कोणतेही भाषण पोकळ ठरेल.