ज्येष्ठांची उठबस



मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी. म्हणून आरंभही दुकानापासूनच करतो. आमच्या धंद्यात मालक गादीवर बसतो आणि नोकर शिडीवर चढून ताके काढतो. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत चालक दिवसभर बसून असे, तर वाहक सतत जिना चढत-उतरत असे. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले, की वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी होते. आम्हा गादीवाल्यांची गणना कोणात करावी, हे निराळे सांगावयास नको.

घरोघरी वडीलधाऱ्यांना आपण प्रेमाने म्हणतो, ‘तुम्ही बसा.’ पाण्याचा तांब्या हातात येतो, भाजीची पिशवी मुलगा आणतो, आईच्या हातचे पोळपाट-लाटणे सुटते. यात कोणाचाच दोष नाही, सेवाभावच आहे. परंतु वयोमानाने घटणारे स्नायू न वापरल्याने अधिकच क्षीण होतात. मग तोल जातो. एकदा पडले की भय बसते, भयाने चालणे कमी होते आणि चालणे कमी झाल्याने पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. वाणिज्य शाखेत शिकलेले चक्रवाढ व्याज मला येथे दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचविली आहे. वयाची ६५ वर्षे झालेल्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद राखणारे व्यायामही करावेत, असे तिचे म्हणणे आहे. प्रवरेच्या काठाने फेरी मारून आपण समाधान मानतो. हा दुसरा भाग मात्र राहूनच जातो.

ब्राझीलमधील डॉ. अराउजो यांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या २००२ व्यक्तींना जमिनीवर बसून, शक्यतो आधाराविना उठावयास सांगितले. ज्यांना हाताचा वा गुडघ्याचा टेकू कमी लागला, त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. यावरून कोणी स्वतःचे आयुष्य मोजत बसू नये! पण आपल्या वंदनेत ही उठबस पूर्वापार आहेच. अलीकडे स्थानकात खुर्च्यांची रांग वाढते आहे. ज्यांचे गुडघे झिजले आहेत, त्यांना खुर्ची हवीच, आणि त्यांच्याकडे कोणी तिरक्या नजरेने पाहू नये. परंतु खाली बसता येत असूनही केवळ शेजारी बसला म्हणून खुर्ची धरणे मला योग्य वाटत नाही.

राज्य शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य केला. निर्णय स्तुत्यच. तथापि बसस्थानकावर पाहावे, तर आजी पहिल्या उंच पायरीशी थबकलेली असते, नातू खालून आधार देतो, वरून कोणी अनोळखी प्रवासी हात देतो. नातू सोबत नसेल त्या दिवशी तिचे लेकीकडे जाणे राहते. भाडे माफ होऊनही!

विश्वस्तांना विनंती आहे, की स्थानकाच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा आणि सकाळच्या प्रार्थनेनंतर तो धरून दहा मिनिटे उठण्या-बसण्याचा सराव ठेवावा. ज्यांना दुखणे आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. कठड्याचा खर्च आमच्या दुकानाकडून स्वीकारावा.